पिस्तुलाला दिवा

रॉइस टॅकेटने लग्नाची अंगठी दुकानात शिरल्या शिरल्या निवडली होती, घर एका दुपारीत, आणि पोरीचं नाव तर दवाखान्याच्या लिफ्टमध्ये. पण पिस्तुलाखाली बसवायचा अंगठ्याएवढा दिवा निवडायला त्याने अख्खा हिवाळा घालवला, आणि अंगणातल्या झाडांना पालवी फुटली तरी त्याचं काही ठरत नव्हतं.

त्याच्या बायकोची, ग्लेंडाची, पिस्तुलाला हरकत नव्हती. ओक्लाहोमात जन्मलेली, शिकारी बापाच्या घरात वाढलेली बाई ती. टिल्सन गावात निम्म्या पुरुषांच्या कमरेला पिस्तूल असायचं, रविवारी चर्चच्या बाकावरसुद्धा, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. लहानपणी एकदा तिने खेळण्यातली लाकडी बंदूक गंमत म्हणून भावावर रोखली, तर बापाने ती जागच्या जागी चुलीत घातली होती. नळी माणसाकडे वळवायची नाही, भरलेली असो की रिकामी, खरी असो की लाकडाची, एवढं एक शहाणपण त्या माणसाजवळ होतं आणि ते त्याने पोरांना पुरेपूर दिलं. ग्लेंडाला राग यायचा तो रॉइसच्या थाटाचा.

रॉइस गॅसच्या टाक्या भरणारा ट्रक चालवायचा. मागच्या साली निवृत्त झाला, आणि ज्या दिवशी ट्रकच्या किल्ल्या परत केल्या त्या दिवसापासून त्याला जग फार धोक्याचं वाटू लागलं. फोनवर दाढीवाल्या माणसांचे व्हिडिओ बघायचा, आणि जेवताना सांगायचा की बहुतेक हल्ले अंधारात होतात. टिल्सनमध्ये अलीकडे झालेला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे मेथडिस्ट चर्चच्या पायरीवरचा शोभेचा भोपळा चोरीला गेला, आणि तोही भर उन्हात. पण हे रॉइसला सांगून काडीचा उपयोग नव्हता.

"अंधारात समोर कोण आहे ते कळायला नको?" तो म्हणायचा. "दिसल्याशिवाय गोळी झाडणारा माणूस मूर्ख."

"आणि दिसल्यावर झाडणारा?" ग्लेंडा विचारायची.

"तू ना, मूळ मुद्दाच समजून घेत नाहीस."

मूळ मुद्दा असा होता, की रॉइसचं पिस्तूल लहान. शर्टाखाली, पोटापाशी खोचायचं म्हणून लहान घेतलेलं. बसलं की ते पोटात रुतायचं, आणि रविवारी बिस्किटं म्हणतात ते मऊ पाव आणि ग्रेव्ही हाणल्यावर पोट आणि पिस्तूल यांतलं एकच कुणीतरी पँटीत मावायचं. पिस्तूल लहान, म्हणून दिवाही लहान हवा. दिवा लहान तर बॅटरी लहान, आणि बॅटरी लहान तर उजेड लगेच मान टाकतो. मग उजेड लांब फेकणारा घ्यावा की आजूबाजूला पसरणारा? बटण खाली दाबायचं की पुढे ढकलायचं? दिवा नळीच्या बरोबरीने संपावा की थोडा पुढे यावा? बायकोच्या वाढदिवसाची तारीख ज्याला दरवर्षी विचारावी लागते, त्या माणसाला सगळ्या दिव्यांचे लुमेन, म्हणजे उजेडाचे आकडे, तोंडपाठ होते.

एका शनिवारी किराण्याला जाताना तो तिला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. काउंटरमागे ड्वेन नावाचा मालक होता, शांत, जाडजूड. त्याने काचेवर दिवे मांडले आणि दोघे त्यांच्यावर असे वाकले जसे बारशाला पाळण्यावर वाकतात.

"हा भिंतीवर मारून बघ," रॉइस म्हणाला. "कडेला पिवळट दिसतो की नाही?"

"दिसतो थोडा."

"मग नको. पिवळट नको आपल्याला."

"का? पिवळ्या उजेडात चोर सापडत नाही?" ग्लेंडाने विचारलं.

ड्वेन हसला. रॉइस नाही हसला.

"ड्वेन, मला एक सांग," ती म्हणाली. "खिशात साधी टॉर्च ठेवली तर काय बिघडतं?"

"काही बिघडत नाही, ताई. फक्त एक हात अडकतो. प्रसंग आला तर तो हात दार उघडायला लागतो, फोनला लागतो, नातवंड उचलायला लागतो." मग तो रॉइसकडे वळला. "पण साहेब, ही टॉर्च नाही हं. दिवा जिकडे फिरतो तिकडे नळी फिरते. हरवलेली चप्पल शोधायला हिचा उपयोग करायचा नाही. म्हणून मी तर सांगतो, हा घ्या, आणि खिशात एक साधी टॉर्चही ठेवा."

"ते माहीत आहे रे मला," रॉइस म्हणाला. हे त्याचं ठरलेलं उत्तर. जे ऐकायचं नसतं ते सगळं त्याला आधीच माहीत असतं.

त्या दिवशी एक दिवा घरी आला आणि पुढच्या शनिवारी परत गेला. मग दुसरा आला. प्रत्येक दिव्याबरोबर पिस्तुलाचा आकार बदलायचा, म्हणून पट्ट्याला लावायचं म्यानही बदलायचं. जुन्या म्यानात नवा दिवा शिरत नाही, नव्या म्यानात जुना ढिला बसतो. म्यानांनी आधी पलंगाखालची जागा घेतली, मग जेवणाच्या टेबलाचा खण. ग्लेंडाने आपले इस्त्री केलेले टेबलक्लॉथ कपाटाच्या माथ्यावर हलवले.

मग घरात चाचण्या सुरू झाल्या. रॉइस भर दुपारी खिडक्यांवर गोधड्या लटकवायचा, पिस्तूल तीनतीनदा रिकामं करून बघायचा आणि बोळातून दबकत चालायचा, या वयात, मोजे घालून. दिवा पेटायचा, विझायचा. कधी तो कपाटावर पडायचा, कधी ग्लेंडाच्या आईच्या फोटोवर.

"माझ्या आईवर पिस्तूल रोखून काय मिळवलंस?"

"रिकामं आहे ग."

"तीही मेलेली आहे. तरी नको."

एकदा बोळाच्या टोकाच्या आरशावर सगळा उजेड पडला आणि उलटून त्याच्याच डोळ्यांत गेला. चहाच्या टेबलाला नडगी आपटून तो खाली बसला, आणि बराच वेळ त्याला समोरची भिंतही दिसेना. चोर असता तर त्याच्या हाताला धरून त्याने रॉइसला खुर्चीवर बसवलं असतं. पण रॉइसने त्यातूनही निष्कर्ष काढलाच. उजेड जबरदस्त आहे, म्हणाला. हाच ठेवायचा.

या सगळ्या तमाशात ग्लेंडाला जपायची होती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे जोसी.

जोसी तिची नात, पहिलीत शिकणारी. तिची आई केंड्रा, ग्लेंडाची मुलगी, एकटीच संसार रेटत होती. हिवाळ्यात तिला दूर शहरातल्या एका प्रयोगशाळेत बरी नोकरी लागली. तिथंच घर घेऊन राहणं सोयीचं, पण ती टिल्सनमध्येच राहून रोजचा हेलपाटा करायची, कारण शाळेची बस जोसीला आजीच्या दारात सोडायची आणि संध्याकाळपर्यंत आजी सांभाळायची. रोजच्या त्या दुपारी, एवढंच आता ग्लेंडाचं सगळं आयुष्य होतं. पोर आली की दोघी मक्याचा ब्रेड खायच्या, टेबलाखाली घर करायच्या, कोंबड्यांना नवी नावं द्यायच्या. शुक्रवारी जोसी गेली की ग्लेंडाला शनिवार-रविवार कापून काढावे लागायचे.

केंड्राने सुरुवातीलाच दोघांना समोर बसवलं होतं. "बाबा, तुझं पिस्तूल तुझ्याजवळ. पण जोसी या घरात असेल तेव्हा ते तिजोरीत. बाहेर दिसलं तर मी शहरात घर बघेन, आणि मग रडायचं नाही."

"मला शिकवतेस?" रॉइस म्हणाला.

"मी बघते," ग्लेंडा घाईने म्हणाली. "माझा शब्द." आणि तिने तो पाळून घेतला. बसचा आवाज आला की ती दिवाणखान्यातूनच विचारायची, "तिजोरीत?" आणि आतून कुरकुरत उत्तर यायचं, "तिजोरीत!"

एप्रिल संपता संपता हवा फिरली. दुपारीच आभाळ हिरवट काळं झालं. जोसी बसमधून उतरून ब्रेडचा तुकडा तोडत होती तोच गावचा चक्रीवादळाचा भोंगा वाजायला लागला, आणि तो थांबेना.

या भागात भोंगा थांबला नाही की कुणाला काही सांगावं लागत नाही. ग्लेंडाने जोसीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट चढवलं, तिला काखेत मारलं आणि परसातल्या तळघराकडे धावली. मागून रॉइस येत होता, पण आधी तो झोपायच्या खोलीत जाऊन आला. का गेला, हे विचारायला ती थांबली नाही. गारा पाठीवर बसत होत्या.

तळघर म्हणजे जमिनीत पुरलेली सिमेंटची खोली, पांढरा रंग मारलेली. दोन बाकडी, वर लोखंडी दार, छताला एक बल्ब. दरवर्षी मार्चमध्ये प्रत्येक घरचा पुरुष आपलं तळघर झाडतो. गांधीलमाश्यांची पोळी काढतो, पाणी उपसतो, कंदिलात नव्या बॅटऱ्या घालतो. रॉइसही इतकी वर्षं हे न चुकता करत आला होता. या मार्चमध्ये तो दिवे निवडत होता.

दार ओढून घेतलं आणि बल्ब गेला.

ग्लेंडाने चाचपडत फळीवरचा कंदील काढला. बटण दाबलं, काही नाही. बॅटऱ्या फुटून आतून त्यांचा पांढरा चुरा तिच्या बोटांना लागला. तिचा स्वतःचा फोन स्वयंपाकघरात राहिला होता. रॉइसच्या हातात त्याचा फोन होता, पडद्यावर वादळाचा लाल नकाशा.

"रॉइस, तुझ्या फोनचा दिवा लाव. पोर घाबरतेय."

"थांब," तो म्हणाला. "फोनचा काय उजेड तो!"

आणि त्याने फोन विझवून खिशात घातला. हे ग्लेंडाने नंतर स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं, पण ते कधी खरं वाटेना. हातात दिवा असलेल्या माणसाने तो खिशात घातला, दुसरा दिवा काढायला. अख्खा हिवाळा ज्या अंधाराची वाट बघितली तो अंधार आयता चालून आला होता, आणि तो फोनवर वाया घालवायचा नव्हता.

शर्ट वर गेल्याचा आवाज आला, म्यानातून काहीतरी निघाल्याचा आवाज आला, आणि तळघरात दिवस उगवला.

आधी छत दिसलं. मग दार. मग पांढरा गोल भिंतीवरून सरकत खाली आला, फळीवरून, कंदिलावरून, आणि बाकड्यावर बसलेल्या जोसीवर येऊन थांबला. हेल्मेट, त्याखाली आवळलेले डोळे, फ्रॉकवरचं बदक. बदकाच्या मधोमध उजेडाचा गाभा.

"बघ!" रॉइस म्हणाला. "बघ कसा कोपरान् कोपरा दिसतोय!"

जोसी ओरडली नाही. तिने हात आडवा धरून एकदा उजेडापलीकडे पाहिलं, आणि पांढऱ्या भिंतींनी परतवलेल्या त्या उजेडात आजोबांच्या हातात काय आहे ते तिला दिसलं. ती बाकड्यावरून अलगद उतरली, बाकड्याखाली सरपटली, कोपऱ्याला पाठ लावून बसली आणि दोन्ही हातांनी तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं. तिला हे सुचलं नव्हतं, शिकवलेलं होतं. पहिलीतल्या बाईंनी बंदूकवाला माणूस शाळेत शिरला तर काय करायचं याचा वर्गात सराव करून घेतला होता, आणि जोसी अभ्यासात हुशार होती.

ग्लेंडाने रॉइसचं मनगट धरलं आणि सगळ्या ताकदीने पायऱ्यांकडे वळवून खाली दाबलं.

"अग, अग! बोट बाहेर आहे माझं! बोट चापावर नाही!"

"बंद कर."

"बघ ना, बोट कुठं आहे ते तरी—"

"रॉइस, बंद कर. म्यानात घाल. आणि तिकडे तोंड करून बस."

दिवा विझला. तिने अंधारात त्याच्या खिशातून फोन काढला आणि त्याचा दिवा जमिनीकडे धरून बाकड्यापाशी गुडघे टेकले.

"जोसी, बाळा, ये. आजीकडे ये."

पोरीने मान हलवली. तोंडावरचा एक हात काढून ओठांवर बोट ठेवलं. "शू," ती म्हणाली, अगदी हळू. "आजी, बोलू नको. त्याला ऐकू येईल."

वर काहीतरी मोठं घरंगळत गेलं. वादळ गावाच्या उत्तरेकडून निघून चाललं होतं. ग्लेंडा पोटावर झोपली, बाकड्याखाली शिरली, आणि त्या पोरीला मिठीत घेऊन तिथंच पडून राहिली. तिला खूप रडायला येत होतं, पण पोर तिच्या तोंडावर हात ठेवून होती.

भोंगा थांबला तेव्हा बाहेर घर जागच्या जागी होतं. शेजाऱ्यांची ट्रॅम्पोलिन ओकच्या झाडात अडकली होती आणि कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या होत्या. एवढंच. रॉइसने अंगणाला एक फेरी मारली, लूट करणारं कुणी आलेलं नाही याची खात्री केली आणि आत येऊन पिस्तूल तिजोरीत ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "केंड्राला सांगायची गरज नाही. उगाच राईचा पर्वत करेल. आणि पोर काही घाबरली नाही. बघितलंस ना, किती गुणी! रडलीसुद्धा नाही."

जोसी टेबलाखाली होती. आपल्या रोजच्या खेळातल्या घरात, पण खेळत नव्हती. ब्रेड दिला तर घेतला नाही.

ग्लेंडा ओट्याला टेकून उभी राहिली. न सांगता खरंच भागलं असतं. पोर बोलणार नव्हती. गप्प राहायचं तिला शिकवलेलं होतं. रॉइस बोलणार नव्हता. म्हणजे उरली ग्लेंडा. ती गप्प राहिली तर उद्या दुपारी बस पुन्हा दारात थांबणार होती, परवाही, तेरवाही. किती सोपं होतं. तिला ते इतकं हवंसं वाटलं, की स्वतःची किळस आली.

केंड्रा चिखल उडवत आली, धावत आत शिरली आणि टेबलाखालून पोरीला ओढून छातीशी धरलं. "ठीक आहात ना सगळे? काही झालं नाही ना?"

"पहिल्या नंबरची व्यवस्था होती," रॉइस म्हणाला. "काळजीचं कारण नव्हतं."

"याने पिस्तूल काढलं," ग्लेंडा म्हणाली.

रॉइसने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिनेच त्याच्यावर पिस्तूल रोखलं होतं.

"तळघरात नेलं होतं. भरलेलं. कंदील चालेना, तर त्याचा दिवा लावून जोसीवर धरला. ती बाकड्याखाली जाऊन लपली. मी तुला शब्द दिला होता, तो मोडला."

"उजेडासाठी काढलं ग!" रॉइस म्हणाला. "तू दोन्ही बाजू तरी ऐक—"

केंड्राने बापाकडे पाहिलंही नाही. ती आईकडे बघत राहिली. "आई, मी काय म्हणाले होते, आठवतं ना तुला?"

"आठवतं."

"मग मी घर बघते. शाळा संपेपर्यंत शेजारच्या बाईंकडे ठेवीन."

"बघ," ग्लेंडा म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं."

जोसीसाठी लावलेली लहान खुर्ची ग्लेंडाच्या गाडीत होती. ती तिने स्वतः सोडवली, पट्टे एकावर एक गुंडाळले आणि केंड्राच्या गाडीत नेऊन बसवली. पोरीने काचेतून हात हलवला नाही. गाडी वळली, आणि ग्लेंडा रस्त्याकडे बघत अंगणातच उभी राहिली.

आत आली तेव्हा रॉइस टेबलाशी फोन घेऊन बसला होता. चेहरा पडलेला होता, हे मान्य करायला हवं. त्यालाही नात हवीच होती.

"मी विचार करतोय," तो म्हणाला. "उजेड फार झाला. एकदम डोळ्यांवर आला ना, म्हणून दचकली ती. याच्या निम्मा असता तरी भागलं असतं. शनिवारी ड्वेनकडे जाऊन बदलून आणतो."

ग्लेंडा त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"रॉइस, एक विचारते. तो दिवा तू तिच्यावर धरलास तेव्हा ती तुला दिसली होती?"

"दिसली म्हणजे?" तो म्हणाला. "अगदी लख्ख दिसली. तेच तर सांगतोय तुला."